सांगलीत तीन दिवस कुणी गेलं नाही

विश्रामबाग, सांगली
मंगळवार, १२ ऑगस्ट १९९७

तीर्थरूप बनुअक्काला धाकट्या जोतीरामाचा वाकून नमस्कार. (वाकताना हल्ली उजवीकडची खुर्ची दिसत नाही, म्हणून बेतानं वाकलो आहे. कमी वाकला असं मनात आणू नकोस.) तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस, की बाटली नुसती उशाला ठेवून झोपतेस? पत्र वाचून दाखवणाऱ्या चि. अंकिताला आशीर्वाद. पोरी, आजीला सावकाश वाचून दाखव. कंसातलं मोठ्यानं वाचायचं, पण जिथं गिळायला सांगेन तिथं गिळायचं.

ताजी बातमी अशी, की मला लिहिता येतं, पण वाचता येत नाही. मिरजेच्या डॉक्टर ज्ञानदाबाईंनी काल दुपारी माझ्या डोक्याचा फोटो उजेडाच्या काचेवर लावून ही गोष्ट पक्की केली. म्हणजे आता हे जे मी लिहितो आहे, ते मी लिहितो आहे एवढं मला कळतं. पण वरची ओळ वाच म्हटलंस तर वाचता येणार नाही. लेखणी सरळ चालावी म्हणून ओळीखाली फूटपट्टी ठेवली आहे. मजकूर सरळ राहील याची हमी नाही. एखादी गोष्ट दोनदा आली तर एकदाच वाचा. तुला जन्मात अक्षरओळख झाली नाही म्हणून लहानपणी मी तुला किती चिडवलं, आठवतं ना? तुझ्या पाटीवर मी कोंबडा काढायचो आणि हेच तुझं नाव म्हणून सांगायचो. आता अक्का, आपण दोघं एका बाकावर आलो.

याच कारणानं तुझं पत्र येऊन एकोणीस दिवस झाले, तरी त्यात काय आहे ते मला माहीत नाही. रागावू नकोस. ते देवाच्या कोनाड्यात आहे, रोज काढून बघतो आणि परत ठेवतो. गेल्या भाऊबीजेला तू सगळ्यांदेखत म्हणालीस की, जोती, आता एकट्यानं सांगलीत काय करतोस, सातारला राहा. आणि मी, मी काय पांगळा झालोय का, असं म्हणून भरल्या ताटावरून उठलो आणि साडेतीनची गाडी धरली. तेव्हापासून ना तुझं पत्र, ना माझं. आता नऊ महिन्यांनी तुझं पाकीट आलं (सातारचं आहे हे पोस्टमननं सांगितलं) ते नेमकं अशा वेळी. आत बोलावणं आहे की शिव्या आहेत ते कळत नाही, आणि तुझ्या शिव्या विश्रामबागेतल्या कुणा परक्याच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नाही. (तुझ्या तोंडून ऐकायची आहे.) तुमच्या शेजाऱ्यांकडे फोन आहे हे मला ठाऊक आहे, पण त्यांच्या सोप्यात उभी राहून, चार माणसं ऐकत असताना तू मला काय सांगणार?

झालं कसं ते सांगतो. महिन्यापूर्वी सकाळी उठलो, डोकं जरा जड होतं. बाहेर पेपर पडला होता तो उचलला, तर कानडी. मला राग आला. पेपरवाल्याला दारात गाठला आणि म्हटलं, बाबा रे, विश्रामबाग अजून महाराष्ट्रात आहे. त्यानं पेपर बघितला, मला बघितलं, आणि म्हणाला, “काका, मराठीच हाय की ओ.” मला वाटलं चष्म्याचा नंबर गेला. गेलो चष्मेवाल्याकडे. त्यानं भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचायला सांगितली. मी म्हटलं, तक्ता चांगला छापलेला आण. मग त्यानं दुसरा तक्ता लावला, ज्यात नुसता तीन दातांचा कंगवा वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असतो आणि दात कुठल्या बाजूला आहेत ते बोटानं दाखवायचं असतं. मी खालच्या ओळीपर्यंत सगळे दाखवले. त्यानं खूश होऊन कार्डावर काहीतरी लिहून दिलं. ते कार्ड महिनाभर मी खिशात घेऊन हिंडलो, आणि काल डॉक्टरीणबाईंनी वाचून दाखवलं. त्यावर लिहिलं होतं: दृष्टी उत्तम, व्यक्ती निरक्षर. एकतीस वर्षं एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून काढली अक्का, सांगली स्टँडवर माझा आवाज घुमायचा, त्याचा हा शेवट.

मनुबाईच्या खानावळीतही तोच गोंधळ. (तुझी भावजय गेल्यापासून दुपारचं जेवण मनुबाईकडे असतं हे तुला माहीत आहे. चव बरी असते. अंकिता, “बरी” हा शब्द जरा ओढून वाच.) पहिल्या आठवड्यात मी रोज म्हणायचो, मनुबाई, भाजी वाढायची राहिली. पानात मला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर एवढंच दिसायचं. चार दिवस तिनं ऐकून घेतलं, पाचव्या दिवशी पंगतीत सगळ्यांदेखत म्हणाली, “आवं साहेब, वाढलीया की! उजव्या अंगाला काय हाय ते बगा तरी! का सुनेच्या हातचं खायची सवय लागलीया?” आणि तिनं ताटच फिरवून ठेवलं. झटक्यात भाजी आणि आमटी उगवली आणि चटणी-कोशिंबीर गेली. मला ती जादूच वाटली. आता कळतं की मला जगाची उजवी बाजू दिसत नाही. मान वळवली की दिसते. ज्यांना मान वळवायची सवय नाही त्यांना ती मुद्दाम लावून घ्यावी लागते. नियंत्रकाच्या नोकरीत गाड्या माझ्यापुढं येत, मी कुणाकडे वळत नसे.

आता खरी लाज वाटायची गोष्ट. (अंकिता, हा भाग मनात वाच आणि आजीला थोडक्यात सांग. नको, सगळा वाच.) आमच्या कॉलनीच्या कट्ट्यावर रोज सकाळी सात वाजता पाचसहा म्हातारे जमतात आणि मी त्यांना पेपर वाचून दाखवतो. निवृत्त झाल्यापासून हे काम माझ्याकडे आहे, कारण आवाज स्टँडवरचा आहे आणि बाकीच्यांचे डोळे गेलेले. त्यातले भाऊसो शेजारीच राहतात, माधवनगरच्या गिरणीत मागावर जन्म गेला, आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मला वाचता येत नाही असं त्या कट्ट्यावर सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी पेपर उघडला आणि मनानं वाचायला लागलो. मंत्र्यांनी चिंता व्यक्त केली. शिरवळजवळ ट्रक उलटला. धरणातून पाणी सोडणार, नदीकाठच्या लोकांनी सावध राहावं. उसाच्या दराची बैठक पुढं ढकलली. कुणालाही काडीचा संशय आला नाही. उलट एक जण म्हणाला, आज पेपरात लय बातम्या हायत. तीन दिवस मी एकटा एक वर्तमानपत्र चालवत होतो.

पण भाऊसोंचा रोजचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोण गेलं? आपल्याकडे निधनाच्या बातमीखाली रक्षाविसर्जन कधी, कुठल्या घाटावर ते छापतात, आणि म्हाताऱ्यांचा दिवस त्यावरून ठरतो. तिथं मनानं काय सांगणार? जिवंत माणसाला मारायचं धाडस होईना. मी म्हणालो, आज कुणी नाही. दुसऱ्या दिवशीही कुणी नाही. तिसऱ्या दिवशीही. कट्टा खूश झाला. भाऊसो म्हणाले, “जोतीराव, सांगलीची हवा सुदारली गड्या.” आणि चौथ्या दिवशी ते आले ते बसलेच नाहीत. त्यांच्या शेजारच्या मागावर वीस वर्षं उभे राहिलेले आप्पासो गेले होते. बातमी पेपरात आली होती, रक्षाविसर्जन कृष्णेच्या घाटावर आदल्या दिवशी सकाळी होऊन गेलं होतं. सगळी गिरणी तिथं होती, भाऊसो कट्ट्यावर बसून माझ्याकडून उसाचा दर ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, “फोटोसकट आलं हुतं रं. उजव्या कोपऱ्यात. वाचलं न्हाईस का सांगायचं न्हवतं?” मी म्हणालो, नजरेतून सुटलं असेल. त्या दिवसापासून कट्ट्यावर कुणी येत नाही. म्हणजे येतात, पण दुसऱ्या कट्ट्यावर बसतात, आणि पेपर एका पेन्शनर मास्तरांकडून ऐकतात. त्यांचा आवाज बारीक आहे, इथपर्यंत पोचत नाही.

जेवून आलो. मनुबाईकडे आज मेथी होती, ताट फिरवून दोन्ही बाजू खाल्ल्या. मगाशी कुठपर्यंत आलो होतो ते बघायला वर नजर टाकली, पण वर नुसत्या मुंग्या आहेत, म्हणून नव्यानं सुरू करतो. तर अक्का, तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना? नुसती बाटली उशाला ठेवून भागत नाही.

कट्टा सुटल्यावर घरात अगदी शांत झालं. वीरधवल आसाममध्ये आहे, सूनबाई आणि नातू त्याच्याबरोबर क्वार्टरमध्ये. तो महिन्याला एकदा कॉलनीतल्या एस.टी.डी. बूथवर फोन करतो आणि मी ठीक आहे असं सांगतो. लष्करातल्या माणसाला आणखी काय सांगायचं? एक दिवस तुझं पाकीट पुढ्यात घेऊन बसलो आणि ठरवलं, हे घेऊन सरळ सातारला जायचं, तुझ्यासमोर बसायचं आणि अंकिताकडून वाचून घ्यायचं. मग शिव्या असल्या तर असल्या. शुक्रवारी सकाळी पिशवी घेतली, स्टँडवर गेलो. सव्वासातची सातारा गाडी तीन नंबरच्या फलाटाला लागते हे मी झोपेत सांगेन, कारण ती मीच तिथं लावलेली आहे. पाटी वाचायचा प्रश्नच नव्हता. तीन नंबरला गाडी उभी होती, चढलो, खिडकी धरली. कुणाला विचारलं नाही. (तिथं मी विचारायचं? लोक मला विचारत होते.) गाडी सुटली, वळली, आणि मला वाटलं ड्रायव्हरनं आज लांबून घेतली. कंडक्टर आला. म्हटलं, एक सातारा. तो बघतच राहिला. “आवं कंट्रोलर साहेब, तुमीच न्हवं का? ही जतची गाडी हाय! सातारा पाच नंबरला गेली, सा म्हैनं झालं बदलून!” सगळी गाडी मागं वळून बघायला लागली. हा अर्जुना कंडक्टर, मी नियंत्रक असताना उशिरा आला म्हणून मी त्याला दोनदा मेमो दिला होता. त्यानं मला मिरजेला हातानं धरून उतरवलं, वरून विचारलं, “पाटी दिसली न्हाई व्हय?” आणि अक्का, काय झालं कुणास ठाऊक, महिन्यात जे कुणाला सांगितलं नाही ते मी त्या अर्जुनाला मिरज स्टँडवर सांगितलं. त्यानं गाडी दोन मिनिटं थांबवली आणि मला रिक्षात घालून दवाखान्याचं नाव रिक्षावाल्याला सांगितलं. गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली. मी तिथं असतो तर त्याला तिसरा मेमो दिला असता.

ज्ञानदाबाई माझ्या मुलीसारख्या आहेत, वयानं तिशीच्या आत. त्यांनी मला एक वाक्य लिहायला सांगितलं: माझं नाव जोतीराम, मी सांगलीला राहतो. लिहिलं. मग कागद फिरवून म्हणाल्या, आता हे वाचा. मी बघितलं आणि म्हणालो, अक्षर छान आहे, कुणाचं आहे? त्या हसल्या नाहीत. मला वाटतं त्यांनाही जरा गलबलल्यासारखं झालं. मग रक्तदाब, रक्त, डोक्याचा फोटो, शनिवार-रविवार तिथंच खाटेवर, आणि काल निकाल. मी काय काम करायचो ते विचारून त्यांनी मला माझ्याच भाषेत समजावलं. म्हणाल्या, काका, तुमच्या डोक्यात दिसण्याचा डेपो मागच्या बाजूला आहे, त्याचा निम्मा भाग रक्त न पोचल्यामुळे बंद पडला, म्हणून उजवीकडचं दिसत नाही. उरलेला निम्मा चालू आहे. शब्दांचा डेपो डावीकडे, तोही ठणठणीत आहे, म्हणून बोलता येतं, लिहिता येतं. पण या दोघांमधला रस्ता तुटला. अक्षराची गाडी तिकडून सुटते ती शब्दाच्या डेपोत पोचतच नाही. आणि म्हणाल्या की हल्ली बाहेरच्या देशांत याच रस्त्यांचा अभ्यास चालला आहे. पूर्वी डॉक्टर डोक्यात कुठं बिघडलं ते शोधायचे, आता कोण कुणाशी बोलायचं थांबलं तेही शोधतात. विसरभोळेपणा, हातपाय थरथरणं, यातसुद्धा असं काही असावं असा त्यांचा होरा आहे. त्यांनी एका मासिकात वाचलं म्हणे, की माणूस काही न करता डोळे मिटून नुसता पडला असला, तरी डोक्यातले लांबलांबचे भाग आपसांत सारखे बोलत असतात. मला बरं वाटलं. विश्रामबागेतल्या तीन खोल्यांत निदान कुठंतरी बोलणं चालू आहे.

मी विचारलं, रस्ता कधी सुरू होणार? त्या म्हणाल्या, तोच रस्ता बहुधा नाही. मग मला डोळे मिटायला लावून त्यांनी पेनाच्या टोपणानं माझ्या तळहातावर काहीतरी काढलं. मी म्हणालो, ग. परत काढलं. म. परत. न. आणि मी तीनही जोडून शब्द सांगितला, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. (अंकिता, हे गिळ.) डोळ्यांकडून बंद झालेलं बोटाकडून आत जातं. अक्षरावरून बोट फिरवायचं, हाताला ओळख पटते, मग डोक्याला. रोज तासभर करा, म्हणाल्या, काही महिन्यांनी हळूहळू वाचाल. घरी येऊन भाऊसोंकडे गेलो आणि सगळं खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग त्याच दिसांत माजा पेन्शनीचा अर्ज कसा काय लिवलास?” म्हटलं, लिहिता येतं, वाचता येत नाही. ते म्हणाले, “जोतीराव, आमी अडाणी हाय, पर इतकं न्हाई.” आणि दार लावलं. त्यांचंही बरोबर आहे. मी डॉक्टरांचा कागद दाखवला असता, पण तो वाचणार कोण?

काल संध्याकाळी तुझं पाकीट फोडलं आणि बोट फिरवायला बसलो. अंकिता, तुझं अक्षर वळणदार आहे, पण बोटाला फार वळणं घ्यावी लागतात. दोन तासांत “चि. जोतीराम यास” एवढं झालं. नमस्कार-आशीर्वाद सोडून पुढच्या ओळीवर गेलो. “तू आता” एवढं लागलं. पुढचं अक्षर लागण्याआधी मी बोट उचललं. तू आता ये, असंही असेल. तू आता येऊ नको, असंही असेल. पत्र घडी घालून परत ठेवलं.

तर अक्का, काळजीचं काही कारण नाही. औषध चालू आहे, रक्तदाब खाली आला आहे, मला इथं कशाची कमी नाही. मुद्दाम यायची तसदी घेऊ नकोस, तुझ्या गुडघ्याला एस.टी.ची पायरी झेपायची नाही. विनंती एकच. अंकितानं आपलं तेच पत्र पुन्हा एकदा मोठ्या, सुट्या अक्षरांत, बॉलपेन दाबून लिहून पाठवावं, म्हणजे बोटाला खळगे लागतील आणि चार-पाच दिवसांत वाचून होईल. घरातल्या सगळ्यांना यथायोग्य.

तुझा धाकटा भाऊ,
जोतीराम

ता. क. – वरची विनंती रद्द समजावी. लिहून पाठवू नये.

ता. क. दुसरं – कशाची कमी नाही असं वर लिहिलं असेल तर ते खोडावं. मला कुठं आहे ते सापडत नाही. संध्याकाळी साडेपाचनंतर कमी आहे. तू भाऊबीजेला बोललीस ते अजून कायम आहे का, एवढंच विचारायला हे पत्र हाती घेतलं होतं, आणि बाकीचं सगळं त्याच्यापुढं येऊन बसलं. पंधरा दिवसांसाठी विचारतो आहे. गुडघ्याला तेल मी लावून देईन.

ता. क. तिसरं (हे अंकितासाठी, पण मोठ्यानंच वाच) – अर्जुना कंडक्टरशी बोलणं झालं आहे. रविवारी सकाळी तो मला स्वतः पाच नंबरवरून सातारा गाडीत बसवणार आहे, उजवीकडच्या खिडकीशी, म्हणजे माणसं सगळी डाव्या हाताला येतील. अकराच्या सुमारास सातारा स्टँडवर उतरेन आणि तिथून रिक्षा करेन. घर मला पाटीशिवाय ओळखता येतं. हे ऐकून आजीचा चेहरा कसा झाला ते मला लिहून कळवू नकोस, पोरी. दारात उभा राहिलो की मान वळवून मीच बघेन.